सांधा

कोणी घरच्या घरी विमान बांधले असे कानावर आले, म्हणजे आपण प्रथम त्याच्या धाडसाची वाखाणणी करतो. धाडस हा थोर गुण आहे, यात संशय नाही. परंतु केवळ धाडसाने विमान आकाशात टिकत नाही. ते शेकडो सुट्या भागांचे बनलेले असते आणि जेथे दोन भाग एकमेकांस मिळतात, तेथेच त्याचे बळ अथवा त्याची दुर्बलता ठरते. म्हणून विमान बांधणाऱ्याची पारख त्याच्या स्वप्नावरून न करता त्याने केलेल्या सांध्यांवरून करावी, असे माझे मत आहे.

कॅप्टन अमोल यादव यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी मुंबईतील कांदिवली येथे, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. त्यासाठी लागणारी यंत्रे आणि सुमारे १८० किलो वजनाचे इंजिन अरुंद जिन्याने वर चढवावे लागले. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात विमान मांडण्याचा योग आला, तेव्हा त्याचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवण्यात आले आणि प्रदर्शनाच्या ठिकाणी ते पुन्हा जोडण्यात आले. जे विमान सुटे करून पुन्हा तसेच उभे करता येते, त्याची जोडणी प्रथमपासून विचारपूर्वक झालेली असली पाहिजे, हे उघड आहे.

यादव यांचे विमान धातूचे होते. धातूच्या पत्र्यात एखादा रिवेट वाकडा बसला, तर तो काढून दुसरा बसवता येतो. परंतु घरी विमान बांधणारे अनेक लोक फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतूंचा, आश्रय घेतात. काचेच्या बारीक तंतूंचे कापड इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून त्याचे थरावर थर दिले, म्हणजे हलके आणि बळकट कवच तयार होते. अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी १९७५ साली अशा पद्धतीचे एक छोटे विमान उडवून दाखवले. त्यांच्याच आराखड्यावर काचतंतू व कार्बनतंतू यांपासून बनलेल्या 'व्हॉयेजर' विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये कोठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आपल्या देशातही बंगळूर येथे काचतंतूंचेच 'हंसा' हे दोन आसनी विमान तयार झाले.

अशा विमानाचे भाग काही कारखाने तयार करून विकतात. विमानाचे धड बहुधा दोन शिंपल्यांसारख्या अर्ध्या कवचांच्या रूपाने घरी येते. हे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले की काम झाले, असे नवख्यास वाटते. परंतु खरे काम तेथूनच सुरू होते. प्रथम ते कोरडेच, राळ न लावता, जुळवून पाहावयाचे. जेथे कड टेकत नाही तेथे खूण करावयाची, पुन्हा उचलावयाचे, किंचित घासावयाचे आणि पुन्हा बसवून पाहावयाचे. हा क्रम कित्येकदा करावा लागतो. येथे उतावळा मनुष्य शिकंजा आवळून दोन्ही कडा बळेच एकत्र आणतो. फट मिटलेली दिसते. पण आत ताण कायम राहतो आणि कवचास पीळ पडतो.

भाग नीट बसले, म्हणजे जोडाची जागा काचकागदाने खरबरीत करून स्वच्छ करतात. तिला बोटांचा तेलकटपणासुद्धा लागू देत नाहीत. राळेचे दोन घटक मोजूनमापून कालवतात आणि ती घट्ट होण्यापूर्वी सांधा जुळवून त्यावर काचकापडाच्या पट्ट्या चढवतात. एकदा राळ वाळली की तो सांधा उकलत नाही. चूक सुधारावयाची तर करवतच चालवावी लागते. पंख जोडताना तर ओळंबा आणि पाणसळ सतत हाताशी लागतात. पंखाच्या मुळाशी अवघ्या अर्ध्या अंशाचा फरक राहिला, तर चार मीटर दूर असलेले त्याचे टोक सुमारे साडेतीन सेंटिमीटर सरकते. मुळाशी डोळ्यास न दिसणारी चूक टोकाशी अशी मोठी होते.

हे शास्त्र परक्या देशातून आले असले, तरी त्यामागील वृत्ती आपल्या मुलखास अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज शहर सतार आणि तंबोरा यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात येथे हा व्यवसाय सुरू केला आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा हेही एक पोकळ, हलके कवचच असते. निसर्गाने वाढवलेले दोन भोपळे कधी सारखे नसतात. म्हणून प्रत्येक भोपळ्यास लाकडी गळा निराळा बसवून पाहावा लागतो. कारागीर लाकूड भोपळ्याच्या कलाने तासतो. त्यास भोपळा दाबून बसवता येत नाही. सांधा बिघडला, तर वाद्याचा नाद बिघडतो. विमानात मात्र नादाऐवजी जीव पणास लागलेला असतो.

आता कोणी म्हणेल, की आपल्या घरात, आपल्या खर्चाने, आपल्या जिवावर उदार होऊन जो विमान बांधतो, त्यास सरकारी तपासणीचा काच कशासाठी? यादव यांच्या विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची अनुमती ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथे ते प्रथम आकाशात झेपावले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षे गेली. हा काळ थोडा नव्हे. घरी विमान बांधू इच्छिणाऱ्यास कोणते नियम पाळावयाचे आणि कोणाकडे जावयाचे, हे प्रारंभीच स्पष्ट ठाऊक असले पाहिजे. नियमांची वाट सरळ नसेल, तर गुणी माणसांची वर्षे वाया जातात आणि त्यात देशाचीही हानी होते.

परंतु वाट सरळ असावी याचा अर्थ तपासणी नसावी असा नाही. विमान ज्यांच्या घरांवरून उडते, त्या लोकांनी आपला जीव पणास लावलेला नसतो. शिवाय काचतंतूंचे कवच एकदा बंद झाले, की आतील सांधा पुन्हा दिसत नाही. म्हणूनच जाणते बांधकरी कवच मिटण्यापूर्वी दुसऱ्या अनुभवी माणसास बोलावतात आणि आपले काम दाखवतात. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्यांस सहसा दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असते. असे दाखवण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तपासणी ही बांधणीचीच एक पायरी आहे, असे ते मानतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण विमान बांधील असे नाही. कोणी घर बांधील, कोणी यंत्र जोडील, कोणी औषध तयार करील. या प्रत्येक कामात काही सांधे असे असतील, की जे पुढे झाकले जातील आणि ज्यांवर अनोळखी माणसे विश्वासाने विसंबतील. भाग नीट बसत नसेल, तर त्यावर बळ न करता तो पुन्हा उचलून घासा. आणि सांधा झाकण्यापूर्वी तो जाणत्या माणसास अवश्य दाखवा.