चेहरा हवा, नाव नको

‘छायाचित्रण शिकवून येत नाही, रस्त्यावर उतरा, हजार फोटो काढा, हात आपोआप बसेल.’ हे वाक्य आता आमच्या महाविद्यालयांतही सुभाषितासारखे उच्चारले जाते. वाङ्मय मंडळाच्या निबंधस्पर्धेची जागा ‘फोटोवॉक’ने घेतली, याबद्दल आमची तक्रार नाही. सरावावाचून कोणतीच कला येत नाही, हेही मान्य. आमचा आक्षेप आहे तो ‘सराव’ या शब्दातून जे सोयीस्करपणे गाळले जाते त्यावर.

गेल्या आषाढी वारीत आमच्या विद्यार्थ्यांनी तीन दिवस फोटो काढले आणि ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर प्रदर्शन लागले. मधोमध एक वृद्धा : डोक्यावर तुळशीवृंदावन, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, खाली मथळा ‘श्रद्धा’. छायाप्रकाश उत्तम साधला होता. आम्हीही कौतुक केले. व्हरांडा झाडणाऱ्या मावशी तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, “कुठल्या गावच्या ह्या?” फोटो काढणारा मुलगा आमच्याकडे पाहू लागला. आठशेवर फोटो, आणि एकाही माणसाचे नाव-गाव कोणाच्या वहीत नाही. वही नेलीच नव्हती म्हणा!

‘हजार फोटो’वाले रॉबर्ट फ्रँकचा दाखला हमखास देतात. १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून त्याने सुमारे २७,००० छायाचित्रे टिपली, हे खरे. पण ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात (फ्रान्स १९५८, अमेरिका १९५९) आली ती अवघी ८३. उरलेली नाकारणे, आणि निवडलेल्यांपैकी कोणते कोणामागे ठेवावे हे ठरवणे, हाही सरावच होता. तो रस्त्यावर होत नाही. टेबलाशी बसून, स्वतःवर नाराज होत करावा लागतो. कवितेचे खर्डे ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे निराळे सांगणे न लगे.

नाव हा किरकोळ तपशील आहे, कला त्यापलीकडे असते, असे कोणी म्हणेल. डोरोथिआ लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेली ‘मायग्रंट मदर’ आठवावी. शेतमजुरांच्या बोलण्याची टिपणे आवर्जून ठेवणाऱ्या लँगने त्या दिवशी नाव मात्र विचारले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ साली. त्या चित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही, ही त्यांची तक्रारही तेव्हाच ऐकू आली. त्या चेरोकी वंशाच्या होत्या, हे तर मागाहून उमगले; तोवर गोऱ्या अमेरिकी मातृत्वाची प्रतिमा म्हणून ते चित्र सर्वत्र वाचले जात होते. म्हणजे नाव न विचारल्याने चित्राचा अर्थच चार दशके चुकत राहिला.

मग रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून नाव विचारायचे काय? मुळीच नाही. कार्तिए-ब्रेसाँने पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाला विचारले नाही. पण चित्राखाली त्याने ‘धडपड’ किंवा ‘आशा’ असेही लिहिले नाही. सँ-लाझार स्थानकामागे, पॅरिस, १९३२ : बस्स. अनोळखी माणूस अनोळखी राहू द्यावा. आम्हांला खटकते ती दोन्हीकडून हात मारण्याची वृत्ती : रस्त्यावरच्या छायाचित्रकाराची मोकळीक घ्यायची आणि दस्तऐवजाचा नैतिक अधिकारही मिरवायचा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर जे काम केले ते एका सकाळच्या फेरीत होणारे नव्हते. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. आमच्या फोटोवॉकमध्ये ‘पुन्हा’ला जागाच नाही, बस साडेपाचला परत निघते.

पुढच्या वारीसाठी आम्ही प्रत्येकी ३६ फोटो आणि एक वही असे बंधन सुचवले आहे. शिवाय ज्याचा फोटो त्याच्या घरी एक छापील प्रत पोहोचवणे. याने सहजता मरेल, असे सहकाऱ्यांपैकी काहींचे मत पडले. असो. ‘श्रद्धा’ हा मथळा आम्ही काढून टाकला आहे. त्या जागी काय लिहावे हे अजून ठरलेले नाही, कारण त्या बाईंविषयी लिहिण्याजोगे आमच्यापाशी काहीच नाही.