सात आमदार, तीन खासदार

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यवतमाळ जिल्ह्याने दोनदा मतदान केले. १९ एप्रिलला वणी आणि आर्णी या विधानसभा क्षेत्रांतील मतदारांच्या बोटांना शाई लागली, कारण ही दोन्ही क्षेत्रे चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. बाकीच्या जिल्ह्याची पाळी आठवड्याने, २६ एप्रिलला आली. त्या दिवशीही उमरखेड आणि महागावच्या मतदानयंत्रांवर हिंगोलीचे उमेदवार होते, तर यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसदच्या यंत्रांवर यवतमाळ-वाशिमचे. २०१९ मध्ये वाटणी वेगळी होती. वणी, आर्णी आणि यवतमाळ ११ एप्रिलला मोकळे झाले आणि उमरखेड १८ एप्रिलपर्यंत ताटकळले. जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक, तालुके सोळा, आमदार सात आणि खासदार मात्र तीन अशी ही मांडणी २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपासून चालत आली आहे.

‘आमच्या जिल्ह्याचे तुकडे केले,’ ही तक्रार तेव्हापासून दर निवडणुकीला ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. पण हे तुकडे का पडले, याचे उत्तर यवतमाळच्या नकाशात शोधून सापडत नाही. त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यांचे आकडे पाहावे लागतात.

२००२ च्या कायद्याने नेमलेल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची जनगणना आधार मानली. तेव्हा राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. ती २८८ आमदारांत वाटली, तर एका विधानसभा क्षेत्राला सरासरी तीन लाख ३६ हजार लोक येतात. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या होती २४ लाख ५८ हजार. भागाकार केला की सातच्या किंचित वर उत्तर येते. म्हणून पूर्वीच्या आठ जागांच्या सात झाल्या आणि दारव्हा हा स्वतंत्र मतदारसंघ दिग्रसमध्ये विरघळला. विदर्भाच्या एकूण जागाही ६६ वरून ६२ वर आल्या.

खरी अडचण पुढे आहे. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि ४८ खासदार, म्हणजे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे. कोणतेही विधानसभा क्षेत्र दोन लोकसभा मतदारसंघांत विभागता येत नाही, असे कायदाच सांगतो. आता पूर्वेकडून मोजत या. गडचिरोली जिल्ह्यात तीनच क्षेत्रे. त्यांना सहाचा आकडा गाठायला गोंदियातील आमगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर व ब्रह्मपुरी जोडावे लागले. त्यामुळे सहा क्षेत्रांच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे चारच उरली. तूट भरायला यवतमाळची वणी आणि आर्णी गेली. दक्षिणेला हिंगोली जिल्ह्याची तीन क्षेत्रे, नांदेडची किनवट आणि हदगाव मिळून पाच झाली; सहावे उमरखेड. आता यवतमाळकडे चार उरली, म्हणून वाशिम जिल्ह्यातून वाशिम आणि कारंजा घेतले. वाशिमचे उरलेले रिसोड अकोल्याच्या पाचांत जाऊन बसले. पांघरूण अपुरे असले की डोके झाकताना पाय उघडे पडतात, तसा हा प्रकार आहे.

या साऱ्या रेषा भूगोलाला सोडून आहेत असेही नाही. वणी, मारेगाव आणि झरी जामणी हा पट्टा कोळशाचा आहे. त्याचा व्यवहार वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरशी पूर्वीपासून आहे. कारंजा आणि दारव्हा ही गावे मूर्तिजापूर-यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या नॅरोगेजने, म्हणजे सर्वांच्या ‘शकुंतले’ने, शंभर वर्षांपूर्वीच एकमेकांना जोडली होती. त्यामुळे कारंजा यवतमाळला परका नाही. उमरखेडची ऊठबस पैनगंगेपलीकडच्या हदगाव-नांदेडकडे असते हेही खरे. तरी अमरावती महसूल विभागातला हा तालुका लोकसभेपुरता मराठवाड्यात जातो, ही गैरसोय उरतेच.

सर्वांत अवघड गाठ आर्णीची आहे. या क्षेत्रात आर्णीबरोबर घाटंजी आणि केळापूर हे तालुके येतात. गोंड आणि कोलाम वस्तीचा हा पट्टा असल्याने ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याच्या माणसाला वणीमार्गे चंद्रपूर गाठणे एक वेळ समजू शकते. आर्णी शहराचे तसे नाही. दवाखाना, न्यायालय, बाजार, महाविद्यालय या सगळ्यासाठी आर्णीकर यवतमाळला जातात आणि खासदार मात्र चंद्रपूरचा निवडतात. मतदारसंघ सलग असावा, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहिली जावी, हे निकष कायद्यातच आहेत. आर्णीच्या बाबतीत आकड्यांनी या निकषांवर मात केली.

रेषा बदलल्या की राजकारण कसे बदलते, हेही येथे पाहायला मिळते. १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होते. पुढे दीर्घकाळ यवतमाळची लोकसभेची जागा काँग्रेसची मानली गेली. उत्तमराव पाटील येथून अनेकदा लोकसभेत गेले. १९९६ मध्ये भाजपचे राजाभाऊ ठाकरे आणि २००४ मध्ये त्याच पक्षाचे हरिसिंग राठोड यांनी तिला धक्का दिला. शेजारचा वाशिम मतदारसंघ तर वाशिम जिल्ह्याहून वयाने मोठा. जिल्हा झाला १९९८ मध्ये. पण १९७७ मध्येच पुसदचे वसंतराव नाईक वाशिममधून लोकसभेवर निवडून आले होते. जम्मू-काश्मीरच्या गुलाम नबी आझाद यांना १९८० आणि १९८४ मध्ये संसदेत पाठवले तेही वाशिमने. १९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, १९९८ मध्ये सुधाकरराव नाईक आणि १९९९ पासून भावना गवळी, असा त्याचा पुढचा क्रम.

२००८ मध्ये हे दोन मतदारसंघ एक झाले. २००४ मध्ये दोन वेगळ्या जागांवरून जिंकलेले दोघे २००९ मध्ये एकाच जागेसाठी समोरासमोर आले. काँग्रेसकडून उभ्या राहिलेल्या हरिसिंग राठोडांना हरवून भावना गवळी यवतमाळ-वाशिमच्या पहिल्या खासदार ठरल्या. २०१४ मध्ये शिवाजीराव मोघे आणि २०१९ मध्ये माणिकराव ठाकरे यांनाही त्यांनी हरवले. २०२४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. शिवसेनेने हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उभे केले आणि त्यांच्याविरुद्ध शिवसेनेच्याच ठाकरे गटाचे संजय देशमुख ९४ हजार ४७३ मतांनी निवडून आले. देशमुख हे जुन्या दिग्रसचे दोन वेळचे आमदार. दारव्हा दिग्रसमध्ये मिसळल्यावर २००९ पासून ती आमदारकी संजय राठोडांकडे आहे. अशी रेषा हलली की कुणाची तरी जागा जाते आणि त्याला दुसरी वाट शोधावी लागते.

तीन खासदार असणे हा शाप आहे का? संसदेत जिल्ह्यासाठी तीन आवाज उठू शकतात, हे बलस्थानही ठरू शकते. अट एवढीच की ते एका सुरात उठले पाहिजेत. २८४ किलोमीटरच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे उदाहरण घ्या. हा मार्ग वर्धा, यवतमाळ-वाशिम, हिंगोली आणि नांदेड अशा चार लोकसभा मतदारसंघांतून जातो. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला टप्पा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. अशा कामात प्रत्येक खासदाराने आपल्या हद्दीपुरते पाहिले, तर पाठपुरावा अर्धवट राहतो. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती जिल्हास्तरावर असते आणि त्यात जिल्ह्याशी संबंधित सर्व खासदारांना स्थान आहे. तिन्ही खासदारांनी या बैठकांना नेमाने यावे आणि जिल्ह्याच्या प्रश्नांची एकच यादी पुढे ठेवावी, हे आजही करता येण्यासारखे आहे.

नव्या रेषांची वेळही दूर नाही. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवली आणि येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे. मागच्या आयोगाच्या कामाची पद्धत जुन्या कायद्यात नोंदलेली आहे. राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य; त्यांना मत मांडता येते, मतदानाचा अधिकार नाही. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र घटनेचे कलम ३२९ न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंद करते. म्हणजे बोलायचे ते मसुद्याच्या टप्प्यावरच.

तेव्हा बोलायचे काय, हे आताच ठरवायला हवे. ‘आर्णी यवतमाळला द्या’ एवढ्या मागणीने भागणार नाही. आर्णी परत आली तर चंद्रपूरची सहावी जागा कुठून भरायची आणि यवतमाळ-वाशिममधून कोणते क्षेत्र बाहेर काढायचे, हेही मागणाऱ्याने सांगितले पाहिजे. नाहीतर आयोगाच्या टेबलावर ते निवेदन भावनेचा कागद ठरेल. जागांची संख्याच वाढली तर सहाचे गणितही बदलू शकते आणि आजवर अशक्य वाटलेली जोडणी शक्य होऊ शकते. त्यासाठी नवी लोकसंख्या, रस्ते, बसफेऱ्या, लोकांचा रोजचा व्यवहार यांची तालुकानिहाय टिपणे हवीत. राजकीय पक्ष आपापल्या सोयीचा नकाशा मांडतीलच. बार असोसिएशन, व्यापारी मंडळे, शेतकरी संघटना आणि ग्रामसभा यांनी लोकांच्या सोयीचा नकाशा आकड्यांसह तयार ठेवला, तर सुनावणीच्या दिवशी तो बाजूला सारणे आयोगाला जड जाईल.