सीताफळांचा वाटा

भुसावळच्या माणसाला कोणत्याही गाडीची वेळ विचारा, तो झोपेतसुद्धा सांगेल. उत्तरेला दिसणाऱ्या निळ्या रेघेबद्दल मात्र विचारू नका! आमचे सारे लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. मालगाडीच्या डब्यांवरून सातपुडा रोज दिसे. पण तिकडे जावे असे घरात कुणालाच कधी वाटले नाही.

तो योग यंदा दिवाळीच्या तोंडावर आला. यावलच्या एका शिक्षक स्नेह्यांनी भरीत खायला बोलावले होते. नेमका बाजाराचा दिवस. एस. टी. ने तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही अंगांना केळीच केळी सुरू झाली. अंतर अवघे वीसेक किलोमीटरचे, आणि तेवढ्यासाठी आम्ही पन्नास वर्षे घेतली!

यावलला निंबाळकरांचा किल्ला आहे. एके काळी हे गाव हातकागदासाठी आणि निळीसाठी नावाजलेले होते. आता नीळ गेली, निळा डोंगर तेवढा राहिला. त्या डोंगरात १९६९ पासून यावल अभयारण्य आहे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. साग, सालई, अंजन यांचे रान. अस्वले आणि बिबटेही आहेत म्हणतात. आम्हांला त्यांतले कुणी भेटले नाही. पण डोंगर म्हणाल तर बाजारात खाली येऊन बसला होता. मिरच्यांचे ढीग, भरताची हिरवी वांगी, तडवी आणि पावरा मंडळींची वर्दळ, आणि एका कडेला सीताफळांचे वाटे.

"कसा दिला, मावशी?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"पन्नास."

पुढचे काय सांगावे! सौ. दोनदा निघून गेल्या, दोनदा परत आल्या. शेवटी तीस रुपयांत वाटा पिशवीत पडला. सौ. चा चेहरा विजयी. आम्हीही कौतुकाने पिशवी धरली.

जेवताना भाव ऐकून स्नेही म्हणाले, "वहिनी, फळाचे डोळे उघडले की त्याच दिवशी तोडावे लागते. दिवस चुकला की ते पाखरांचे. मग पाटी डोक्यावर घेऊन जीप मिळेपर्यंत चालायचे. आणि न विकलेला माल परत नेण्यात अर्थ नसतो. म्हणून संध्याकाळच्या आत म्हणाल त्या भावाला देतात."

कळण्याची भाकरी आणि भरीत उत्तम होते. सौ. नी दुसरी भाकरी घेतली नाही.

परत बाजारात आलो, तो ती जागा रिकामी. बाई सापडली एका कापडदुकानात. हातात पोरीचा झगा, आणि डोक्यावर पाटी: 'एकच भाव'. ती काही बोलत होती; दुकानदार दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी.

सौ. नी वीस रुपये पुढे केले. बाईने मान हलवली. "सौदा झाला, ताई."

मग सौ. दुकानदाराकडे वळल्या. शिवण उसवलेली आहे, कापडाला खळ आहे, भुसावळला हाच झगा कितीला मिळतो... आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो. दुकानदाराने अखेर पंधरा रुपये सोडले.

उरलेल्या पाच रुपयांबद्दल सौ. तापीचा पूल येईपर्यंत बोलत होत्या.