सतरा-शून्यचा ताप

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात गावी नांदगावला होते. चेन्नई-मदुराईत ज्युनिअर हॉकी वर्ल्ड कप रंगात आलेला. चिलीला ७-०, ओमानला १७-०, स्वित्झर्लंडला ५-०. तीन मॅच, २९ गोल, खाल्ला एकही नाही! मोबाइलभोवती चुलतभावंडांची गँग आणि एकच गजर : ‘कप आपलोच!’ २०१६च्या लखनौनंतर कप आलाच नव्हता ना, मंडळी!

काका मात्र थंड. ‘ओमानाक हरयलात म्हणान नाचू नकात. जर्मनी येव दे, मगे बोलया.’

मी मुंबईला परतले. क्वार्टर फायनलला बेल्जियमने शूटआउटपर्यंत दमवलं. सेमीत जर्मनीने ५-१ असं धुतलं. गँग एकदम सायलेंट. पण ब्राँझच्या मॅचमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ असं मागे असताना कोच श्रीजेशच्या पोरांनी शेवटच्या ११ मिनिटांत चार गोल ठोकले!

बॉस, आपलंही असंच नाही का? नवा जॉब, सोपे क्लायंट, पहिले तीन महिने आपण हवेत. खरं अप्रेझल होतं ते ०-२ असतानाच.

मॅच संपली आणि काकांचा फोन आला.

‘आता नाच गो!’