गोदीतला कारागीर गेला कुठे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनानेही जहाजबांधणी, जहाजदुरुस्ती व जहाजतोडणीचे स्वतंत्र धोरण स्वीकारले होते. २०३० पर्यंत ६,६०० कोटींची गुंतवणूक आणि ४० हजार रोजगार, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जगातील नऊ-दशांशाहून अधिक जहाजे आज चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तीन देशांत बांधली जातात. एवढा विस्तीर्ण किनारा लाभलेल्या भारताचा त्यातील वाटा एक टक्काही नाही. कान्होजी आंग्रे यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटायला हवी होती, ती फार उशिरा वाटली. तरीही उशिराने का होईना, योग्य दिशेने पाऊल पडले आहे आणि त्याचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे.

या निर्णयांची चर्चा सुरू असतानाच रत्नागिरीत एक गृहस्थ भेटले. वय पन्नाशीच्या अलीकडचे. मिऱ्या बंदरावरच्या गोदीत त्यांनी अनेक वर्षे वेल्डिंगचे काम केले. गोदी थंडावल्यावर काही काळ गोव्यात, मग दोन वर्षे आखातात, करोनाच्या साथीत परत, आणि तेव्हापासून गावीच. घरांच्या खिडक्यांचे ग्रिल, आंब्याच्या बागांची फाटके, पावसाळी मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या की त्यांच्या इंजिनांच्या बैठकांची डागडुजी, असे जे मिळेल ते करतात. गोद्यांना पुन्हा माणसे हवी आहेत असे कानावर आल्यावर त्यांनी तीन ठिकाणी विचारणा केली. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळाले, तुमची प्रमाणपत्रे जुनी झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी त्या कागदांची चळत काढून आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘‘साहेब, हात अजून तसाच चालतो, पण कागद मेला.’’

हा कागद मरतो म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येणार नाही. जहाजाच्या अंगावर जोडकाम करणाऱ्या कारागिराला वर्गीकरण संस्थेची मान्यता लागते. आपल्याकडे १९७५ मध्ये स्थापन झालेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही अशी संस्था आहे. काही परदेशी संस्थाही हे काम करतात. संस्थेच्या सर्वेक्षकासमोर कारागिराने पोलादाचे तुकडे जोडून दाखवायचे असतात. कधी उभ्या स्थितीत, कधी डोक्यावर, तर कधी ४५ अंशांत तिरकी बसवलेली नळी न हलवता तिच्याभोवती फिरून. कारागीर या परीक्षांना थ्री-जी, फोर-जी, सिक्स-जी अशा नावांनी ओळखतात. तो जोड मग वाकवून अथवा क्ष-किरणांनी तपासला जातो. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी काम संपत नाही. हा मनुष्य त्याच पद्धतीचे काम सातत्याने करीत आहे, अशी सही मालकाने दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. सहा महिन्यांचा खंड पडला की मान्यता लयाला जाते.

नियम चुकीचा नाही. एक जोड फुटला तर जहाजासह माणसे बुडतात, तेव्हा हात सरावात असल्याची खात्री हवीच. परंतु संपूर्ण उद्योगच आजारी पडतो तेव्हा काय होते? गोदी बंद पडते, सही करणारा मालक उरत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत शेकडो निष्णात कारागीर कागदोपत्री अकुशल ठरतात. डॉक्टरची वा वकिलाची सनद दवाखाना अथवा कचेरी सहा महिने बंद राहिली म्हणून रद्द होत नाही. लोखंड जोडणाऱ्याची मात्र होते.

आणि हा सराव केवळ ठिणगी पाडण्याचा नसतो. जहाजाची नाळ दोन दिशांनी वळलेली असते. जाड पोलादी पत्र्याला तो बाक यंत्राने पूर्णपणे देता येत नाही. गॅसच्या ज्योतीने पत्र्यावर ठरावीक रेषांत उष्णता द्यायची, मागोमाग पाणी सोडायचे, म्हणजे पोलाद आकसते आणि हळूहळू वळते. रेषा कुठे ओढायची, ज्योत किती वेगाने न्यायची, हे पुस्तकात थोडेच सापडते. जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहून ते डोळ्यांत भरून घ्यावे लागते. जोडकामाचा क्रम चुकला तर अख्खा तक्ता पापडासारखा फुगतो, आणि तो सरळ करण्यात बांधणीइतकाच वेळ जातो. असे कसब अंगी मुरायला दहा-बारा वर्षे लागतात.

रत्नागिरीला हे कसब मिळवून दिले ते प्रामुख्याने भारती शिपयार्डने. दोन नौका-अभियंत्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीची रत्नागिरीतील गोदी ही येथील दोन पिढ्यांची कार्यशाळा होती. किनाऱ्यावरची मुले तेथे ग्राइंडर हाती घेऊन शिरली आणि फिटर, प्लेटर, वेल्डर होऊन बाहेर पडली. मग संकटांची मालिका आली. जहाजबांधणीला मिळणाऱ्या ३० टक्के शासकीय साहाय्याची योजना १४ ऑगस्ट २००७ रोजी संपली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी कोसळली. कोरड्या मालाच्या सागरी वाहतुकीचा बाल्टिक निर्देशांक मे २००८ मध्ये ११ हजारांच्या वर होता, तो डिसेंबरात ७०० च्या खाली आला. मालकांनी जहाजांच्या मागण्या रद्द केल्या अथवा लांबणीवर टाकल्या, तर कर्जावरचे व्याज चढतच गेले. व्यवस्थापनाचे निर्णयही या पडझडीला किती कारणीभूत होते, याची चर्चा अर्थपत्रांतून पुष्कळ झाली आहे. हजारो कोटींच्या थकबाकीनंतर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या परिसमापनाचा आदेश निघाला. पुढे रत्नागिरीची गोदी नव्या मालकाच्या हाती गेली आणि तेथे पुन्हा काम सुरू झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु मधल्या वर्षांत कारागीर पांगले ते पांगलेच.

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ ची. तिच्यात कामगारांचा विचार अगदीच नाही असे नव्हे. परिसमापनाच्या आधीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे येणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरले जाते, भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही. प्रश्न असा की, कामगार कोणाला म्हणायचे? गोदीतील बहुसंख्य माणसे ठेकेदाराची असतात. हजेरी ठेकेदाराची, पगार ठेकेदाराचा. गोदी बुडाली की ठेकेदार हा एक सामान्य देणेकरी म्हणून रांगेत शेवटी उभा राहतो आणि त्याचा वेल्डर त्या रांगेतसुद्धा नसतो. क्रेन किती, पत्रा किती टन, अर्धवट सांगाडे किती, जमीन किती गुंठे याची यादी परिसमापक काटेकोरपणे करतो. तेथे हाताने काम केलेली माणसे किती आणि त्यांना काय येते, याची यादी करण्याचे कर्तव्य कायद्याने कोणावरच टाकलेले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कल्पना स्तुत्य आहे. परंतु ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे ठेकेदाराने तोंडी सांगितलेल्या माणसाची कपात कागदावर झालेलीच नसते, हे कोकणात कोणालाही ठाऊक आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत होडी बांधणारा सुतार आहे, लोहार आहे, जाळी विणणारा आहे. हे फार मोठे काम झाले. पोलादी जहाजाचा वेल्डर व प्लेटर मात्र त्या यादीत नाहीत. जणू विश्वकर्मा फक्त लाकडापाशी थांबला!

मुळात इतिहासाने हा धडा आपल्याला एकदा दिलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची बांधणी सुरू केली, तेव्हा रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली मोठा कामगारवर्ग तेथे राबत होता. ही जहाजे उद्या आपल्याच मुळावर येतील हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखले. त्यांनी हल्ला केला नाही, लाकडाची वाट अडवली नाही; १६५९ मध्ये त्यांनी कारागीर फोडले. पुढचे आरमार महाराजांनी इथल्याच माणसांच्या हातून उभे केले. कारागीर हीच आरमाराची खरी मर्मस्थाने आहेत हे शत्रूला तेव्हा कळले होते. इंग्रजांनाही कळले. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईच्या गोदीत आणले. त्या घराण्याच्या हाताखाली १८१७ मध्ये सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

रत्नागिरीच्या घरांना तर हा अनुभव दुसऱ्यांदा येत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील फार मोठा वर्ग कोकणातला होता. वर्गसंघर्षाच्या भाषेत बोलणाऱ्यांनी संप लांबवला, गिरणीमालकांना तो सोयीचाच ठरला. साचेखात्यात आयुष्य गेलेला जॉबर भिवंडीच्या यंत्रमागावर कमी पैशांत उभा राहिला किंवा गावी येऊन गुरे राखू लागला. नंतर हिशेब कशाचा झाला? जमिनीचा. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, तिची २००१ मधील दुरुस्ती, ७ मार्च २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सारा वाद गिरण्यांच्या जागेभोवती फिरला. २०१२ पासून घरांच्या सोडती निघाल्या, ज्यांना घर मिळाले त्यांचा आनंद खरा आहे. सूत पाहून त्याचा काउंट सांगणारा तो डोळा मात्र कोणाच्याही सोडतीत नव्हता. ज्या वडिलांची गिरणी गेली, त्यांपैकी काहींचीच मुले पुढे गोदीत शिरली होती.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण ही त्रिसूत्री त्यांनी मांडली. तिचा मधला पाय आपण सोयीस्कररीत्या विसरतो. उद्योगात श्रमिकाचे कसब हे भांडवलच आहे, असे एकदा मान्य केले की बँकेच्या तारणाइतकीच त्याचीही नोंद ठेवावी लागते. ती शासनाने ठेवावी हे खरे, पण आम्हांला या ठिकाणी आपल्याच घरात थोडे डोकवावेसे वाटते. विश्वकर्मा जयंतीला आपण श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने ठेवतो. त्याच मंडपात बसलेल्या किती कुटुंबांनी मुलीसाठी वेल्डरचे स्थळ पाहिले आहे? महिना पंधरा हजारांचा कारकून चालतो, आखातात त्याच्या कितीतरी पट मिळवणारा सिक्स-जी वेल्डर ‘कामगार’ म्हणून नाकारला जातो. मग तोही स्वतःच्या मुलाला गोदीच्या फाटकाकडे फिरकू देत नाही. असे झाल्यावर शेजारी उभे राहून शिकणारा येणार कुठून?

उपाय फार खर्चाचे नाहीत. रत्नागिरीत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वेल्डिंगच्या खोल्या आहेत, यंत्रे आहेत. बेकार झालेल्या मान्यताप्राप्त कारागिराला तेथे दर सहा महिन्यांनी चार दिवस काम करू द्यावे, वर्गीकरण संस्थेच्या सर्वेक्षकाला बोलवावे आणि चाचणीचे शुल्क केंद्राच्या नव्या योजनेतून भरावे. मालक नसताना सातत्याची सही ग्राह्य कशी धरायची, याचा मार्ग त्या संस्थेबरोबर बसून काढता येईल. नव्या धोरणात ज्या गोदीला जमीन वा सवलत मिळेल, तिने स्थानिक अनुभवी कारागिरांना जुन्या तारखेच्या कारणावरून दारातूनच परत न पाठवता आधी चाचणीला बसू द्यावे, अशी अट घालता येईल. परिसमापनाच्या आदेशासोबत ठेकेदाराच्या हजेरीपटासह कारागिरांची सूची जिल्हा उद्योग केंद्राकडे देण्याचे बंधनही घालता येईल.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर मिऱ्या, जयगड, दाभोळ या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी एक वही घ्यावी आणि घरोघर जाऊन लिहावे: कोणाला काय येते, कोठे व किती वर्षे केले, शेवटची चाचणी कोणत्या साली दिली, पारपत्र आहे का. आखातात पाठवणारा दलाल कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक घेऊ शकत नाही, एवढे जरी त्या घरात सांगून आले तरी एखाद्याचे कर्ज वाचेल. संपर्काचे काम आपल्याला नवे नाही. भूकंपात, महापुरात आपण ते एका रात्रीत उभे करतो.

आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांनी अखेर स्वतःच मार्ग काढला आहे. गोव्यातील एका परिचिताच्या ओळखीने एका वर्कशॉपमध्ये त्यांना सरावाला जागा मिळाली. रोज आठ तास ते उभ्या आणि डोक्यावरच्या जोडाचे तुकडे करीत आहेत, त्याचा मोबदला नाही. चाचणीचे पैसे पत्नीच्या बचतगटातून उचलले. सर्वेक्षक पुढच्या आठवड्यात येणार आहे.