प्लेसमेंट म्हणजे नोकरी नव्हे

गेल्या आठवड्यात बडोद्याजवळच्या बाजव्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. थोरली लेक ब्रिटनला निघालीय, विकासाचा भूगोल शिकायला. अभ्यासक्रमात काही महिन्यांचं प्लेसमेंट आहे, तेही तिसऱ्याच देशात. वडील खत कारखान्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "भाऊ, प्लेसमेंट कोर्समध्येच धरलंय, म्हणजे नोकरीची चिंता मिटली." लेक काही बोलली नाही. मला सोडायला फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "काका, ती नोकरी नाहीये. बाबांना तुम्हीच सांगा ना."

त्यांना सांगितलं. पण अशी घरं बाजव्यात, छाणीत, गोत्रीत आणखीही असतील, म्हणून इथंही लिहितो. आपल्याकडे प्लेसमेंट म्हणजे कॉलेजात कंपनी येते, मुलाखत घेते, नेमणुकीचं पत्र देते. तिकडे तोच शब्द वेगळ्या अर्थानं वापरतात. शिकता शिकता एखाद्या संस्थेत, पाणीयोजनेत किंवा स्थानिक कार्यालयात काही आठवडे वा महिने काम करायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. कधी थोडा भत्ता मिळतो, पुष्कळदा काहीच मिळत नाही. विमानाचं तिकीट, राहणं, विमा फीमध्ये आहे की वेगळा, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. कर्ज काढून पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच.

हा झाला पैशाचा हिशेब. मला काळजी वाटते ती पोर परत आल्यावरची.

बाहेर शिकायला पाठवायचं आणि परत आणून कामाला लावायचं, हे बडोद्याला नवं नाही. 1913 साली सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करार असा की शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. 1917 च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यात हजर झाले आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. संस्थाननं शिक्षणाचा खर्च केला, करार लिहून घेतला, पद दिलं. डोक्यावर छप्पर मात्र दिलं नाही.

पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, त्यांचा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. बडोदा संस्थाननं याच प्रश्नावर नेमलेल्या समितीच्या अहवालाची त्यात चिकित्सा आहे. विखुरलेले तुकडे एकत्र करा, वावर मोठं करा, असा तेव्हाचा सूर होता. आंबेडकरांचं म्हणणं निराळं. वावर परवडतं की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही, ते कसायला हाताशी भांडवल किती, अवजारं कोणती, माणसं किती यावर ठरतं. आणि शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उतरवायचा तर कारखानदारी वाढायला हवी. ज्या शहरानं घर दिलं नाही, त्याच संस्थानातल्या शेतकऱ्याचा प्रश्न हा माणूस वर्षभरात इतक्या शांतपणे मांडतो. मी तो निबंध वाचतो तेव्हा दर वेळी इथं थांबतो.

आता बाजवा स्टेशनावर उतरून चारी बाजूंना पाहा. सोव्हिएत मदतीनं बांधलेली कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये चालू झाली. शेजारचा खत कारखाना 1962 साली कंपनी म्हणून स्थापन झाला, 1967 पासून खत देऊ लागला. 1969 मध्ये आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची कंपनी आली. आंबेडकरांनी सुचवलेली कारखानदारी त्याच मुलखात, अर्ध्या शतकानं उभी राहिली. मग शेतीवरचा भार उतरला का? जमीन कोणाकोणाची गेली, त्यांच्या घरातल्या किती जणांना कायमची नोकरी लागली, किती जण ठेकेदाराकडे राहिले, गेटाबाहेर चहाची लारी कोणाची आहे? हे घरोघर जाऊन विचारायला लागतं. त्यातच भर म्हणून सांडपाण्याचं चॅनल. 1983 मध्ये सुरू झालेलं हे चॅनल इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी सुमारे 55 किलोमीटर वाहून नेतं आणि जंबुसर तालुक्यात सारोदजवळ खंभातच्या आखाताकडे सोडतं. पगार या टोकाला, पाणी त्या टोकाला. भूगोलाच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल इतकं काम त्या 55 किलोमीटरांत आहे.

आणि आपले विद्यार्थी? माझ्या पाहण्यातल्या कॉलेजांत प्रात्यक्षिक म्हणजे समोच्च रेषा, जर्नल आणि सापुताऱ्याची सहल. ही मुलं हुशार आहेत, त्यांना कोणी चालायला लावत नाही, एवढंच. ससेक्सच्या विकास अध्ययन संस्थेतल्या रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 च्या पुस्तकात शहरातून येणाऱ्या पाहुण्या अभ्यासकांचे दोष मांडले. डांबरी रस्त्याकडेची गावं पाहायची, कोरड्या हंगामात जायचं, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशीच बोलायचं. खरी उपासमार, खरं आजारपण पावसाळ्यात, रस्त्यापासून आत असतं. पुढे गावकऱ्यांनीच जमिनीवर खडे, बिया, काड्या मांडून गावाचा नकाशा काढायचा, ही पद्धत 1980 नंतरच्या दशकात घडत गेली. तिच्या जडणघडणीत गुजरातमध्ये काम करणाऱ्या आगाखान ग्रामीण विकास कार्यक्रमाचा मोठा वाटा आहे. ती पद्धत इथून जगभर गेली. आमची लेक ब्रिटनमध्ये फी भरून तीच शिकणार आहे.

तिनं जावं, अगदी आनंदानं जावं. परक्या गावात भाषा येत नसताना काम केलं की आपल्या गावाकडे पाहायची नजर बदलते. पण ज्या गावात ती तीन महिने राहील, त्या गावाला तिचा अहवाल त्यांच्या भाषेत मिळणार का, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारावं. आणि आपण इथं विचारावं की परत आलेल्या अशा पोरांना पंचायतीत, पाणीपुरवठ्यात, नगररचनेत जागा ठेवलीय का. आज ती नाही. मग ती मुलं तिकडेच एखाद्या गोदामात नाहीतर दुकानात रुजतात, आणि त्यांना नावं ठेवणं बरोबर नाही.

तिच्या निघण्याला अजून सहा आठवडे आहेत. पाऊस लागला की आम्ही चॅनलच्या कडेकडेनं, जमेल तेवढं पायी, सारोदपर्यंत जायचं ठरवलंय. वडीलही येतो म्हणालेत. बत्तीस वर्षं कारखान्यात नोकरी केली, पण चॅनलचं दुसरं टोक त्यांनी पाहिलेलं नाही.