गोपनीयता कोणाची?

परीक्षा घेणाऱ्या संस्थांना ‘गोपनीय’ हा शब्द फार प्रिय आहे. परीक्षेच्या घटकेपर्यंत प्रश्नपत्रिका गोपनीय असावी, परीक्षकाचे नाव कायमचे गोपनीय असावे, याविषयी दुमत नाही. परंतु विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहिलेली उत्तरपत्रिका त्याच्याचपासून लपविली जाते, तेव्हा हे रक्षण नेमके कोणाचे, हे विचारणे भाग पडते.

महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७७ च्या विनियमांत गुणांच्या बेरजेची पडताळणी मान्य केली. उत्तरपत्रिका पाहण्यास व फेरतपासणीस मात्र मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई अवाजवी म्हणून रद्द ठरविली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी विजयी झाले. उत्तरपत्रिका खुल्या केल्यास निकालाला अंतिमता उरणार नाही, हा युक्तिवाद तेथे ग्राह्य ठरला.

पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे. परीक्षकाचे नाव तेवढे झाकावे. आज राज्य मंडळही छायाप्रत देते. त्यामुळे आभाळ कोसळलेले नाही.

या हक्काचे खरे मोल शहराबाहेर कळते. वजनदार ओळखी व वकिलाची फी शहरातील पालकाला एखादे वेळी परवडेल. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावच्या शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या बाजूने उभा करण्यास स्वतः लिहिलेल्या कागदावाचून दुसरा साक्षीदार नसतो.

इतर उमेदवारांच्या गुणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. शालेय परीक्षेतील गुण हा त्या विद्यार्थ्याचा खाजगी ठेवा होय. सरकारी नोकरभरतीची गोष्ट निराळी. पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीसंबंधी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अन्य उमेदवारांचे गुण उघड करण्याचा आदेश दिला, तो याच भेदामुळे. परंतु डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील एका तरतुदीने नोव्हेंबर २०२५ पासून चित्र पालटले आहे. माहिती अधिकाराच्या ज्या कलमाखाली वैयक्तिक माहिती नाकारता येते, त्यातील व्यापक लोकहिताचा अपवाद तिने वगळला. लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमात अद्याप शाबूत आहे खरी. पण नकार देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती आपण होऊन कशी आठवावी?

उमेदवाराचा पत्ता, दूरध्वनी, आजाराचे कागद अवश्य झाकावेत. ही गोपनीयता उमेदवाराची आहे आणि परीक्षा घेणारी संस्था तिची केवळ राखणदार आहे. राखणदाराने त्याच कुलपामागे आपल्या चुका ठेवू नयेत. भरतीतील गुण मागण्याची वेळच न आणता निकालाबरोबर ते प्रसिद्ध करावेत आणि परीक्षार्थीला त्याची उत्तरपत्रिका विनातक्रार दाखवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांचे मोजमाप प्रामाणिक आहे, त्यांना तराजू दाखविण्याचे भय नसावे.